काउफेरिंगच्या दफनभूमींना जायचं तर

म्युनिकला आलेले आपले लोक डाखाउला, नाझींच्या छळछावणीच्या जागी, जातात. जावंच. पण कुणी हाताशी आणखी एक दिवस ठेवून आलं असेल तर मी त्यांना हमखास काउफेरिंगकडे घेऊन जाते. डाखाउला बस जाते, संग्रहालय आहे, ऑडिओ गाइड आहे, समजावून सांगणारी माणसं आहेत. पश्चिमेला लेश नदीच्या बाजूनं, लान्ड्सबेर्ग गावाच्या भोवती, डाखाउच्याच ११ उपछावण्या होत्या आणि तिथं मेलेल्या ज्यू कैद्यांच्या दफनभूम्या आजही शेतांत आणि रानात विखुरलेल्या आहेत. तिथं सांगायला कुणी नसतं. फाटक उघडायचं, आत जायचं आणि समोर फक्त हिरवळ. तयारी करून गेलं नाही तर माणूस पाच मिनिटांत बाहेर येतो. तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची साताऱ्याची, शिक्षणानं आणि पोटापाण्यानं सिव्हिल इंजिनियर, बरीच वर्षं म्युनिकमध्ये. या जागांकडे मी बांधकामातली बाई म्हणूनच बघते. मला वाटतं, त्या कळायच्या असतील तर आधी बांधकाम कळावं लागतं.

आधी एवढं माहीत असू द्या

१९४४ मध्ये दोस्तांच्या बॉम्बफेकीनं जर्मनीचे विमानांचे कारखाने उद्ध्वस्त होत होते. तेव्हा नाझी सरकारनं ठरवलं की मेसरश्मिट मी-२६२ हे जेट लढाऊ विमान अर्धवट जमिनीत गाडलेल्या अजस्र बंकरांमध्ये बनवायचं. लान्ड्सबेर्गजवळ असे तीन बंकर आखले गेले. त्यांना सांकेतिक नावं होती वाइनगुट २, डियाना २ आणि वालनुस २. देखरेख ‘ऑर्गनिझात्सिओन टोट’ या सरकारी बांधकाम यंत्रणेची, प्रत्यक्ष काम खासगी कंत्राटदारांचं आणि मजूर एसएसनं, म्हणजे छळछावण्या चालवणाऱ्या नाझी दलानं, पुरवलेले. १८ जून १९४४ रोजी आउश्विट्झच्या मृत्युछावणीहून १,००० हंगेरियन ज्यू पुरुषांची पहिली गाडी आली. मागोमाग लिथुआनियातल्या कोव्हनो आणि शाउलेन इथल्या घेट्टोंमध्ये, म्हणजे कोंडून ठेवलेल्या वस्त्यांमध्ये, असलेले ज्यू आले, पोलंडमधले आले, बायकाही आल्या. दहा महिन्यांत साधारण २३,००० माणसं या छावण्यांतून गेली. त्यांतल्या ६,००० हून अधिक जणांच्या मृत्यूची नोंद सापडते. शिवाय १९४४ च्या शरद ऋतूत काम होईनासं झालेल्या हजाराहून अधिक कैद्यांना परत आउश्विट्झला मरायला पाठवलं, ते वेगळेच.

हीच जागा का निवडली? खडीसाठी. आल्प्सच्या हिमनद्यांनी इथं खडीचे जाड थर आणून टाकलेत आणि भूजल खोल आहे. बंकर बांधायची पद्धत अशी होती: आधी खडीचा लांबच लांब, कमानीच्या आकाराचा डोंगर रचायचा, त्यावर सळया बांधून काही मीटर जाडीचं काँक्रीट ओतायचं आणि ते पक्कं झालं की पोटातली खडी खालून उपसून काढायची. साधारण ४०० मीटर लांबीचा एकेक बंकर आखलेला. माझे मोठे मामा कराडला आयुष्यभर सेंट्रिंगची कंत्राटं घेत होते. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, “म्हणजे खडीच सेंट्रिंग. मग सिमेंट वर कुणी नेलं?” प्रश्न अचूक होता. ५० किलोची गोणी, ती वाहणाऱ्याचं वजनही बऱ्याचदा त्याच्या आसपास आलेलं, आणि काम दिवसपाळी-रात्रपाळीत अखंड. थंडी लागू नये म्हणून कैदी रिकाम्या गोण्यांचा कागद शर्टाखाली गुंडाळायचे आणि सापडले की मार खायचे. साइटवर उभं राहिलेल्या कुणालाही सिमेंट घामात कालवलं की कातडीचं काय होतं ते ठाऊक आहे. युद्ध संपेपर्यंत यांतल्या एकाही बंकरमधून एकही विमान बाहेर पडलं नाही.

वाइनगुट २ चा मोठा भाग पुरा झाला होता. तो आज जर्मन लष्कराच्या आवारात आहे. वाटेत सहज डोकावून येऊ असं होत नाही, आधी परवानगी लागते. ती मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तरी दिवस वाया जात नाही, कारण आपण जातोय ते बंकर बघायला नाही.

एक नाव सोबत घेऊन जा

माझ्या अनुभवात सगळ्यात महत्त्वाची तयारी हीच, आणि ती घरी बसून करायची आहे. खडकीच्या वॉर सिमेटरीत प्रत्येक सैनिकाला स्वतंत्र दगड आहे, त्यावर नाव, पलटण, तारीख. इथं ती अपेक्षा ठेवून येऊ नका. एका चरात शेकडो माणसं पुरलेली आहेत. बऱ्याच जणांची नावं कागदोपत्री सापडतात, पण कोण कुठल्या चरात आहे ते आता कुणालाच सांगता येत नाही. नाव तिथं मिळणार नाही, ते आपणच न्यायचं.

बाट आरोल्सन इथल्या आरोल्सन अर्काइव्ह्जमध्ये नाझींच्या बळींसंबंधी तीन कोटींहून जास्त कागदपत्रं आहेत आणि त्यांतली बहुतेक घरबसल्या शोधता येतात. जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू बळींच्या स्मारकसंस्थेचा नावांचा संग्रहही खुला आहे. त्यात नातेवाइकांनी स्वहस्ते भरून दिलेली साक्षपत्रं आहेत. शोधताना ‘काउफेरिंग’ एवढंच टाकून थांबू नका, ‘डाखाउ’ही टाका, कारण कैद्यांची नोंद आणि क्रमांक मुख्य छावणीचे होते. गावाच्या नावावर फार भरवसा ठेवू नका. कोव्हनो म्हणजे आजचं काउनास, शाउलेन म्हणजे शाउल्याय. ‘हंगेरियन’ म्हणून नोंदलेल्या माणसाचं गाव आज रुमानियात, युक्रेनमध्ये किंवा स्लोव्हाकियात असू शकतं. आडनावाची स्पेलिंगं कारकुनागणिक बदलतात.

कागद सापडला की तो नीट वाचा. जन्मतारीख, गाव आणि धंदा एवढंच बहुधा असतं. शिंपी, सुतार, विद्यार्थी. धंद्याचा रकाना मी कधीच सोडत नाही. पुढे बंकरचं काम डोळ्यांसमोर आणायचं असतं ना, तेव्हा ‘२३,००० कैदी’ म्हणून काही दिसत नाही. कोव्हनोचा एक घड्याळजी खांद्यावर सिमेंटची गोणी घेऊन उभा आहे असं म्हटलं की दिसतं. एका माणसामागे एकच नाव घ्या. यादी नको.

कधी जायचं आणि कसं

शनिवार टाळा. तो शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. ज्यू लोक त्या दिवशी दफनभूमीत जात नाहीत आणि काही ठिकाणी फाटकही बंद असतं. ज्यू सणांच्या दिवशीही तेच. हे सण इंग्रजी तारखांनी चालत नाहीत, आपल्यासारखेच दरवर्षी मागेपुढे होतात, म्हणून आधी बघून घ्यावं. एप्रिलच्या शेवटी छावण्यांच्या मुक्तीच्या स्मरणाचे कार्यक्रम असतात. तेव्हा गेलात तर मागे उभे राहा, फोटो काढू नका, बोलणाऱ्यांना बोलू द्या.

मला स्वतःला नोव्हेंबरअखेर बरोबर वाटते, पण पाहुण्यांना मी एप्रिल ते ऑक्टोबर सुचवते. हिवाळ्यात चारनंतर अंधारतं, रानातल्या वाटांवर दिवे नसतात आणि आपल्याकडच्या बुटांचा बर्फावर काही उपयोग नाही.

म्युनिकहून बुखलोएच्या दिशेनं जाणारी प्रादेशिक गाडी घ्या आणि काउफेरिंगला उतरा. पाऊण तासाचा प्रवास. बायर्न-तिकीट काढलंत तर दोघा-तिघांचा दिवसभराचा प्रवास स्वस्तात होतो, मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं. खरी गरज सायकलची आहे. दफनभूम्या एकमेकींपासून काही किलोमीटरवर आहेत आणि बसचा तिथं फारसा उपयोग नाही. नकाशात ‘KZ-Friedhof’ (छळछावणीची दफनभूमी) असं शोधा: काउफेरिंग, हुरलाख, एर्प्फ्टिंग, उट्टिंग, ट्युर्कहाइम अशी गावं दिसतील. त्या दिवशीचा बेत घरूनच आखा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. रानात रेंज जाते.

दफनभूम्या अशा विखुरलेल्या का, हे विचारणारा पाहुणा मला आवडतो. उत्तर सरळ आहे. प्रत्येक छावणीनं आपापले मेलेले जवळच्या रानात किंवा खडीच्या खाणीत खड्डे काढून पुरले. युद्धानंतर त्याच जागांना कुंपण घातलं, हिरवळ लावली, स्मारकं उभी केली. म्हणजे दफनभूमीची जागाच सांगते की छावणी कुठे होती. नकाशावर सगळे ठिपके जोडून बघा, लान्ड्सबेर्गभोवती छावण्यांचं कडं उभं राहतं. गावकऱ्यांना काही दिसलं नसेल का, हा प्रश्न मग वेगळा विचारावा लागत नाही.

एका दिवसात दोनच ठिकाणं करा, फार तर तीन. मी निवडते ती अशी.

पहिलं हुरलाख. काउफेरिंग ४ ही आजाऱ्यांची छावणी इथं होती. इथं आणत ते बरं करायला नव्हे. टायफसनं माणसं किड्यामुंगीसारखी मेली. एप्रिल १९४५ च्या अखेरीस अमेरिकन सैन्य जवळ आलं तेव्हा चालू शकणाऱ्यांना हाकलत नेलं आणि मागे राहिलेल्या आजाऱ्यांसकट एसएसनं झोपड्या पेटवल्या. २७ एप्रिलला अमेरिकेची १२ वी चिलखती डिव्हिजन पोचली. सैनिकांना साधारण ५०० प्रेतं सापडली. ती पुरायचं काम त्यांनी आसपासच्या गावकऱ्यांना करायला लावलं.

दुसरं लान्ड्सबेर्गच्या कडेची काउफेरिंग ७. काउफेरिंगहून लान्ड्सबेर्गला छोटी गाडी जाते. ही दफनभूमी नाही, छावणीची जागा आहे, पण कैदी राहत कसे ते इथंच कळतं. बहुतेक छावण्यांमध्ये मातीच्या झोपड्या होत्या: जमिनीत खड्डा, वर लाकडी छप्पर, छपरावर माती. पाऊस आणि वितळलेला बर्फ आत झिरपायचा. त्या कधीच नष्ट झाल्या. पण इथं भाजलेल्या मातीच्या पोकळ नळ्यांच्या काही कमानदार बराकी उरल्यात, काही धड, काही ढासळलेल्या. एका नळीचं निमुळतं तोंड दुसरीच्या बुडात बसवत नेलेलं, बाहेरून पातळ गिलावा. मूळ फ्रेंच तंत्र, लाकूड आणि लोखंड वाचवणारं. गिलावा उडालाय तिथं नळ्यांची रांग उघडी पडली आहे. मी तिथं नेहमी थांबते, कारण त्या वेळी सळई आणि लाकूड कशासाठी राखून ठेवलं होतं हे त्या भिंतीतच दिसतं. ही जागा एक स्थानिक प्रतिष्ठान सांभाळतं. आत फिरायचं असेल तर बरेच आठवडे आधी लिहून विचारा. अचानक गेलात तर बाहेरूनच बघावं लागेल.

मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचं नाव मराठी वाचकांना परिचयाचं आहे. ते काउफेरिंग ३ मध्ये होते, पुढे ट्युर्कहाइमला, आणि तिथंच त्यांची सुटका झाली. त्यांच्यासाठी येणाऱ्यांनी ट्युर्कहाइमची दफनभूमी निवडावी.

आत कसं वागायचं

ठाण्याची माझी एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मैत्रीण मला पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा यातलं बरंचसं तिनं शिकवलं. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. वाचली ती सात जोडपी, बाकीच्यांना तिथंच दोन मोठ्या ढिगाऱ्यांखाली पुरलं. नावं नसलेल्या, एकत्र पुरलेल्या माणसांसमोर उभं राहायचं कसं हे त्यामुळे तिला लहानपणापासून माहीत होतं.

पुरुषांनी डोकं झाकावं. टोपी चालते, स्कार्फ चालतो. हार, फुलं, उदबत्ती, नारळ घरीच ठेवा. भावना चांगली असली तरी ती त्यांची रीत नाही, आणि आपण त्यांच्या घरी आलोय. कबरीवर छोटा दगड ठेवायची रीत आहे. दगड दुकानातून आणायचा नसतो, वाटेवरचा एखादा गोटा उचलला तरी पुरे. या भागात जमिनीत जिथं हात घालाल तिथं तीच हिमनदीची खडी आहे. बंकर जिचा केला तीच, चर जिच्यात खणले तीच. दगड स्मारकाच्या कट्ट्यावर ठेवा. दुसऱ्या कुणी ठेवलेला हलवू नका, आणि आठवण म्हणून इथला एकही दगड घरी नेऊ नका.

हिरवळीवर चालू नका. हे मी दोनदा सांगते, कारण आखीव चौथरे दिसत नाहीत म्हणून लोक बागेत चालावं तसं चालतात. सबंध हिरवळ म्हणजेच कबर. पायवाट आहे तेवढीच आपली. तिथं डबा उघडायचा नाही, कठड्यावर बसायचं नाही. मोबाइलवर स्मारकाचा फोटो जरूर घ्या, स्वतःचा नको.

ज्यू मृतांसाठी कद्दिश ही प्रार्थना म्हणतात. रूढ प्रथेप्रमाणे त्यासाठी दहा प्रौढ ज्यू पुरुष जमावे लागतात. कुणी म्हणत असेल तर शांत उभं राहावं. आपण आपली प्रार्थना मनात केली तर कुणाची हरकत नाही, पण मोठ्यानं मंत्र म्हणू नयेत. तुम्ही आणलेलं नाव मात्र मोठ्यानं उच्चारा. गाव, वय, धंदा, जेवढं सापडलं तेवढं. मराठीत बोललात तरी हरकत नाही. आमच्या मामांनी शाउलेनच्या एका सुताराचं नाव घेतलं होतं. नाव घेऊन झाल्यावर ते कंत्राटदाराच्या सवयीनं कुंपणाची लांबी-रुंदी पावलांनी मोजत बाहेरून चालत गेले आणि परत येऊन एवढंच म्हणाले, “ताई, हे एवढ्या जागेत मावत नाही गं.” छावणीतले आकडे मी त्यांना गाडीत सांगितले होते. ते त्यांना तिथं कळले.

बाहेर पडताना हात धुवायची पद्धत आहे. रानातल्या दफनभूमीत नळ मिळेलच असं नाही, म्हणून पाण्याची एक जादा बाटली सायकलला लावून ठेवा.

मुलं सोबत असतील तर

दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना मी आणू नका म्हणते. त्याहून मोठी असतील तर त्यांना आधी सांगून आणा, आणि काउफेरिंग १ मधल्या सात बाळांबद्दल जरूर सांगा. १९४४ च्या डिसेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्या छावणीत सात हंगेरियन ज्यू बायका बाळंत झाल्या. प्रसूती केल्या त्या कैदीच असलेल्या डॉक्टर एर्नो वादास यांनी. सातही बाळं आणि सातही आया जगल्या. मुलं इथं प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरं देता येतात. ‘मग बाकीच्यांची बाळं?’ हा प्रश्न येतोच. त्याचंही खरं उत्तर द्यावं: आउश्विट्झला उतरल्या उतरल्या गरोदर आणि लेकुरवाळ्या बायकांना सहसा थेट गॅसकोठडीकडे पाठवत.

परतताना झांक्ट ओटिलिएन

वेळ आणि पायांत बळ उरलं असेल तर गेल्टेनडॉर्फला उतरा. तिथून वाइलहाइमकडच्या गाडीनं पुढचंच स्टेशन झांक्ट ओटिलिएन. हा बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ आहे. युद्ध संपता संपता कोव्हनोचे डॉक्टर झाल्मान ग्रिनबेर्ग यांनी सुटका झालेल्या कैद्यांसाठी इथं इस्पितळ उभं केलं. २७ मे १९४५ रोजी, अंगावर कैद्यांचेच पट्ट्यापट्ट्यांचे कपडे असलेल्या वादकांनी इथं मैफल केली. पुढच्या काही वर्षांत इथं चारशेहून अधिक ज्यू मुलं जन्मली. मठाजवळ छोटी ज्यू दफनभूमी आहे, सुटकेनंतरही जगू न शकलेल्यांची. इथं स्वतंत्र कबरी आहेत, नावं आहेत. दिवसभर बिननावाची हिरवळ बघून आल्यावर इथला प्रत्येक दगड सावकाश वाचावासा वाटतो. वाचा. मृत्यूच्या तारखा बघा, त्या सुटकेनंतरच्या आहेत.

एक काम

बव्हेरियातल्या अशा सत्तरहून अधिक दफनभूम्या आणि स्मारकस्थळांची देखभाल २०१३ पासून ‘श्टिफ्टुंग बायरिशे गेडेंकश्टेटन’ हे राज्याचं स्मारक प्रतिष्ठान करतं. दूरदूरच्या जागा, रोज कुणी जात नाही. कुणी दगडावर काही खरडलेलं, अक्षरं उपटलेली, फाटक मोडलेलं किंवा वादळात झाड पडलेलं दिसलं तर पुसायला किंवा उचलायला जाऊ नका. फोटो काढा, दफनभूमीचं नाव, जागा आणि तारीख लिहा आणि त्याच दिवशी प्रतिष्ठानला कळवा. खोडसाळपणा असेल तर पोलिसांना, ११० वर. इंग्रजीत सांगितलं तरी चालतं.